३१६एल जॉबचा पृष्ठभाग एक्सपीएसवर मोजताना: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून २०२४

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. औषध कंपन्यांच्या पाइपलाइनसाठी ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्ह डिस्क आणि फेरूल बनवतो. मी क्वालिटी बघते. गेल्या महिन्यात एका ग्राहकाकडून चार डिस्क परत आल्या. वाफेच्या थोड्याच फेऱ्यांनंतर त्यांच्या काठावर तांबूस झाक आली होती. पॅसिव्हेशन (अॅसिडमध्ये बुडवून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा गंजरोधक थर वाढवणं) झालं होतं, सर्टिफिकेटवर सही माझीच होती आणि कॉपर सल्फेटची चाचणीही पास होती. पण ती चाचणी फक्त मोकळं लोखंड पकडते. तांबं चढलं नाही म्हणजे वर सुटं लोखंड नाही, एवढंच कळतं. सगळ्यात वरच्या दोन-तीन नॅनोमीटरच्या थरात क्रोमियम किती साठलंय, ते त्यातून कळत नाही.

ग्राहकाने आता लेखी मागितलंय: एस्का रिपोर्ट द्या, क्रोमियम-लोह गुणोत्तर १.० किंवा जास्त दाखवा.

पहिला अर्धा दिवस नावातच गेला. सामायिक उपकरण केंद्राच्या दरपत्रकात 'एस्का' कुठेच नव्हतं, म्हणून मी दोन-तीन ठिकाणी फोन करत बसले. मग कळलं की त्यांच्या यादीतलं 'एक्सपीएस' म्हणजेच ते: पृष्ठभागावर क्ष-किरण मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून तिथली मूलद्रव्यं मोजायची पद्धत. उप्साला विद्यापीठाच्या काय सीगबान यांनी एस्का हे नाव दिलं, त्या कामासाठी १९८१ चं नोबेलही मिळालं, आणि जुन्या स्पेसिफिकेशनमध्ये ते नाव अजून टिकून आहे. हेच काम करणाऱ्यांनी दोन्ही नावांनी शोधावं.

दर: उद्योगांसाठी नमुन्यामागे ₹२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹२,३६०. दहा दिवसांनी तारीख मिळाली.

१४ जून

ठरलेलं काम असं. मूळ धातूत क्रोमियम वजनाने १६ ते १८ टक्के असतं. अणूंच्या हिशेबाने ते लोहाच्या पावपटीच्या जरा वर जातं, ०.२७ च्या आसपास. अॅसिडमधून काढल्यावर वरच्या थरातलं लोह विरघळून क्रोमियमचं प्रमाण वाढायला हवं. ते खरंच वाढतंय का, नायट्रिकमध्ये किती, सायट्रिकमध्ये किती, आणि परत आलेल्या डिस्कवर किती, हे बघायचं.

आमचे दोन बाथ आहेत. नायट्रिक: २० ते ४५ टक्के, खोलीच्या तापमानाला, ३० मिनिटं. सायट्रिक: ४ ते १० टक्के, ४९ ते ६० अंश, १० मिनिटं. दोन्ही एएसटीएम ए९६७ या पॅसिव्हेशनच्या मानकाप्रमाणे. कागदावर दोन्ही बरोबर.

२० जून: पहिला स्लॉट, एकही आलेख नाही

घाई केली. परत आलेल्या डिस्कचा मधला भाग आणि एक नवी छोटी फिटिंग, दोन्ही जशाच्या तशा घेऊन गेले. फिटिंगला एम४ चं आंधळं भोक होतं. वरून पुसलं होतं, एअर गनही मारली होती. लोड-लॉकमध्ये, म्हणजे मुख्य चेंबरच्या आधीच्या निर्वात करायच्या कप्प्यात, ठेवल्यावर पंप चालू, पण दाब एका जागी अडकून बसला. ऑपरेटर सरांनी तासभर वाट बघितली, मग म्हणाले, "आत काहीतरी उकळतंय. हे मी मुख्य चेंबरमध्ये नेणार नाही." त्यांचं बरोबर होतं. तिथलं निर्वात ५ गुणिले १० चा उणे ९ वा घात मिलीबार इतकं खोल असतं. आट्यात साचलेला कूलंटचा एक थेंबही ते दिवसभर बिघडवतो, आणि मागे रांगेत असलेल्या सगळ्यांचा स्लॉट जातो.

बाहेर काढून भोक टिश्यूवर आपटलं. टिश्यूवर दुधाळ डाग उमटला. दोन महिन्यांपूर्वीचा कूलंट.

डिस्कचा तुकडा तर होल्डरमध्ये बसलाच नाही. होल्डरची जाडीची मर्यादा आधी विचारायला हवी होती. दोन नमुन्यांचे ₹४,७२० गेले.

ठरवलं: जॉब न्यायचाच नाही. १० गुणिले १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर जाडीचे सपाट तुकडे न्यायचे. भोक नाही, आटे नाहीत, वेल्ड नाही.

२४ जून

त्याच हीटच्या (एकाच वितळणीतून निघालेल्या) ३१६एल पट्टीचे दोन भाग केले. एक नायट्रिकमधून काढला, एक सायट्रिकमधून. मग दोन्हींचे छोटे तुकडे शेजारच्या युनिटमध्ये वायरकटवर (विजेच्या ठिणग्या पाडणाऱ्या तारेने कापणाऱ्या यंत्रावर) कापून घेतले. परत आलेल्या डिस्कचे दोन तुकडेही तिथेच कापले. कापणी सुबक झाली, काठावर बर (धातूचा कंगोरा) नाही. त्यात काय चुकलं ते ८ जुलैला कळलं.

१ जुलै

पालखी शहरात, रस्ते बंद. पोहोचता आलं नाही आणि स्लॉट गेला. पैसे कापले नाहीत, पण आठवडा गेला. पुण्यात काम असेल तर तारीख घेताना पंचांग बघावं.

८ जुलै: पहिले आलेख

सहा नमुने, ₹१४,१६०. अॅल्युमिनियम के-आल्फाचा एकवर्णी स्रोत, १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आधी सगळ्या ऊर्जांचा ढोबळ आलेख, मग एकेका मूलद्रव्याचा बारीक. शिखर किती इलेक्ट्रॉनव्होल्टला येतं त्यावरून मूलद्रव्य ओळखायचं; पुढचे शिखरांचे आकडे त्याच एककात.

पहिला आलेख पडद्यावर रेघेरेघेने चढत होता तेव्हा मला फक्त लोह आणि क्रोमियमची शिखरं बघायची होती. तीच सगळ्यात बुटकी निघाली. कार्बन ५८ टक्के, ऑक्सिजन २७, सिलिकॉन ८. लोह आणि क्रोमियम दोन्ही मिळून ३ टक्क्यांच्या आत. आणि १०२२ वर एक उंच, टोकदार शिखर, जे माझ्या यादीतच नव्हतं: जस्त. ९३३ जवळ तांबं.

जस्त आणि तांब्याचा उलगडा सरांनी एका प्रश्नात केला: "कापलं कशावर?" वायरकटची तार पितळेची असते. कापताना ती झिजते, आणि तिचे कण त्या पाण्यासोबत तुकड्याच्या सगळ्या अंगावर बसतात. डोळ्याला काही दिसत नाही. पण हे यंत्र वरचे ५ ते १० नॅनोमीटरच बघतं, त्यामुळे त्याच्या नजरेत तेवढंच भरतं. आधी पॅसिव्हेशन आणि नंतर वायरकट, हा क्रमच उलटा होता. मोजायचा थर तयार करून त्याच्यावर मीच पितळ शिंपडलं.

दुसरी गडबड: तुकडे साध्या दुहेरी टेपने चिकटवले होते. टेप वीज वाहत नाही, तुकडा अधांतरी राहिला, त्याच्यावर विद्युतभार साठला आणि सगळी शिखरं १.३ इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकली. २८४.८ ला यायला हवा तो कार्बन २८६.१ ला. मी आधी लोहाची नवी रासायनिक अवस्था शोधायला लागले होते. पण धातुरूप लोहाचं शिखरही तेवढंच सरकलेलं दिसलं, तेव्हा ते रसायन नाही, टेप आहे हे कळलं. पुढच्या वेळेपासून स्क्रूची पट्टी, टेप नाही.

सिलिकॉनचं शिखर १०२.३ वर. वाळू किंवा काचेचं १०३.५ च्या आसपास यायला हवं. १०२.३ म्हणजे बहुधा सिलिकोन तेल. ते आमच्याकडे कुठून आलं?

९ ते १५ जुलै

सिलिकोनचे संशयित: हातमोजे, झिप पाउच, एअर गन, आणि पार्टिशनपलीकडचं गॅस्केटचं प्रेस. तिथे साच्यावर दिवसातून कितीदा तरी रिलीज स्प्रे मारतात.

प्रत्येकाला वेगळं तपासायला स्वच्छ साक्षीदार हवा होता. मी घरचा अॅल्युमिनियम फॉइल कापून ठेवला आणि सरांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला: अॅल्युमिनियम नको. धातुरूप अॅल्युमिनियमच्या ७३ च्या शिखरामागे दर १५ व्होल्टला एक लाट येते, त्यातली दुसरी नेमकी १०३ जवळ पडते आणि सिलिकॉनसारखी दिसते. त्या फोनने माझे चार नमुन्यांचे पैसे वाचवले. तांब्याच्या पत्र्यावर ती भानगड नाही. तांब्याची शिखरं ७५ आणि १२२ जवळ, मधली जागा मोकळी.

तांब्याचे चार तुकडे नव्या पॉलिश पेपरवर घासले, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुतले. एक फक्त झिप पाउचमध्ये. एकावर एअर गन. एक रात्रभर आमच्या सुकवणीच्या टेबलावर उघडा. चौथा काचेच्या डबीत, कशालाही न लावता.

१९ जुलै

चार नमुने, ₹९,४४०. या चार आलेखांतून मला सगळ्यात जास्त कळलं.

टेबलावरच्या तुकड्यावर सिलिकॉन ९ टक्के. आमचं सुकवणीचं टेबल गॅस्केटच्या प्रेसपासून चार मीटरवर आहे, पार्टिशन छतापर्यंत नाही, आणि पंखा त्याच दिशेने वाहतो.

पाउचमधल्यावर सिलिकॉन नाही, पण ४०० वर नायट्रोजन आणि वाढलेला कार्बन. पाउच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालतात तो मेणासारखा अमाइड पदार्थ. एअर गनच्या तुकड्यावर नुसता कार्बन वाढला, म्हणजे कंप्रेसरचं तेल. काचेच्या डबीतल्या तुकड्यावर हवेतला नेहमीचा कार्बन, बाकी काही नाही.

सिलिकोन बसल्यावर काढायचा प्रयत्न मी केला. आयपीएने पुसल्यावर तो कमी झाला नाही, पसरला. त्यामुळे बसू न देणं हाच उपाय धरला. सुकवणीचं टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. एअर गन बंद केली. डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातून काढून तुकडा उभा ठेवायचा, निथळू द्यायचा. पकडायचं स्टीलच्या चिमट्याने, काठाला. न्यायचं काचेच्या पेट्री डिशमध्ये, वरून घरचा फॉइल. त्याची मॅट बाजू आत, आणि तुकड्याला तो टेकू द्यायचा नाही.

हे टेबल हलवायला खर्च शून्य होता. ते चार मीटर शोधायला मात्र जवळजवळ दोन आठवडे आणि वीस हजारांच्या वर गेले.

२९ जुलै: दुसऱ्यांदा सहा तुकडे

नवे तुकडे. या वेळी क्रम असा: आधी शिअरने कापणी, मग ४०० ते १२०० पर्यंत पॉलिश पेपर, अल्कलाइन डिग्रीझर ६० अंशांना, डीएम पाणी, आणि त्यानंतरच पॅसिव्हेशन. दोन फक्त घासलेले, दोन नायट्रिक, दोन सायट्रिक. बाथ रोजचेच, वेगळं ताजं अॅसिड केलं नाही. मला आमची टाकी तपासायची होती, बीकरमधला आदर्श नव्हे.

कार्बन ३० टक्क्यांच्या जरा वर, सिलिकॉन दिसलाच नाही. लोह आणि क्रोमियम नीट उंच. धातुरूप लोहाचं शिखर ७०६.८ ला, ऑक्साइडचा फुगवटा ७१०.५ च्या आसपास. क्रोमियमचं धातुरूप ५७४.१ ला, ऑक्साइड ५७६.७, हायड्रॉक्साइड ५७७.३. पहिल्यांदाच आलेख पुस्तकातल्यासारखा दिसला आणि मला खूप बरं वाटलं.

नायट्रिकच्या एका तुकड्यावर ३४७ ला कॅल्शियम, १९८.५ ला क्लोराइड आणि १६८.८ ला सल्फेटचं गंधक होतं. तो शेवटी बोअरच्या पाण्यात धुतला गेला होता, नळ चुकला. क्लोराइड तर स्टेनलेसवर नकोच नको. आणि त्या गंधकाचं दुसरं शिखर मॉलिब्डेनमच्या २३२ च्या शिखरात मिसळतं, म्हणून त्या तुकड्यावरचं मॉलिब्डेनम मी धरलं नाही. आता बोअरच्या नळाला लाल चिकटपट्टी आहे.

एक चूक मी पैसे मोजून केली. उरलेला कार्बन खटकत होता म्हणून दुसऱ्या नायट्रिक तुकड्यावर आरगॉनचा मारा करायला सांगितला, फक्त ३० सेकंद. सरांनी एकदा विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. कार्बन गेला, पण त्याच्यासोबत मोजायचा थरही बराच गेला, आणि राहिलेल्या थरातल्या लोहाच्या ऑक्साइडचं काही प्रमाणात धातूत रूपांतर झालं. आरगॉन लोहाचं ऑक्साइड असं मोडतो. नंतर मोजलेलं गुणोत्तर कशाचंच नव्हतं. पॅसिव्ह थर दोन-तीन नॅनोमीटरचा असतो, त्याला 'थोडंसं साफ' करता येत नाही. कार्बन आहे तसा राहू द्यावा आणि किती आहे ते रिपोर्टमध्ये लिहावं.

खर्च ₹१४,१६०.

३० जुलै ते ४ ऑगस्ट: आकडेमोड

चांगल्या नायट्रिक तुकड्याचं, आरगॉनच्या आधीच्या आलेखावरून, गुणोत्तर पहिल्यांदा आलं ०.५८. पोटात गोळा आला. आमचं नायट्रिक इतकं निकामी?

दोन दिवसांनी चूक सापडली. लोहाचं २पी म्हणजे दोन शिखरं, मोठं आणि धाकटं. मी क्षेत्रफळ दोन्हींचं मिळून घेतलं होतं आणि भागलं मात्र एकट्या मोठ्या शिखराच्या संवेदनशीलता गुणकाने (ते शिखर मुळातच किती मोठं येतं, तो आकडा). स्कोफील्डच्या तक्त्यात एकट्या मोठ्याचा गुणक १०.८२, दोन्हींचा मिळून १६.४२. लोह दीडपट दिसत होतं. क्रोमियमला मात्र बरोबर ११.६७ लावला होता. दुरुस्त केल्यावर ०.८८.

आता पुढचा प्रश्न: हे गुणोत्तर कशाचं? यंत्राला पॅसिव्ह थराच्या खालचा धातूही थोडा दिसतो आणि त्या धातूचं गुणोत्तर ०.२७. थर जितका पातळ तितकं खालचं लोह मिसळून आकडा खाली येतो. ऑक्साइडपुरतं बघायचं तर धातूची शिखरं वेगळी काढावी लागतात. शर्लीच्या पद्धतीने शिखरांखालची पार्श्वभूमी वजा करून शिखरं वेगळी केली. लोहातला ३० टक्के भाग धातूचा निघाला, क्रोमियममधला जेमतेम ९. ते वगळल्यावर ऑक्साइडचं गुणोत्तर १.१४.

म्हणजे एकच तुकडा, एकच आलेख, ०.५८, ०.८८ आणि १.१४. पहिला आकडा साफ चूक. बाकीचे दोन्ही खरे, पण वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर नुसतं 'क्रोमियम-लोह गुणोत्तर' लिहिलंय. मेल टाकून विचारलं: एकूण की ऑक्साइडमधलं? उत्तराची वाट बघतेय.

हे लिहून ठेवते कारण कुठल्याही लॅबचा रिपोर्ट हातात आला की मी आता आधी हेच शोधते. आकड्याखाली 'एकूण' किंवा 'ऑक्साइड' लिहिलं नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या रिपोर्टशी तुलना करता येत नाही.

१२ ऑगस्ट: निकेल

शिखरं जुळवताना लोहाच्या मोठ्या शिखराच्या उजव्या अंगाला, म्हणजे कमी ऊर्जेकडे, एक खांदा काही केल्या बसत नव्हता. मी तिथे वाट्टेल ते ऑक्साइड घालून बघितलं. ते लोहच नव्हतं. अॅल्युमिनियमच्या स्रोतावर निकेलचे ऑजे इलेक्ट्रॉन (अणू स्थिरावताना बाहेर पडणारे दुय्यम इलेक्ट्रॉन) नेमके लोहाच्या २पी पट्ट्यात येतात. ३१६एलमध्ये निकेल १० ते १४ टक्के आणि पॅसिव्ह थराच्या अगदी खाली ते आणखी दाटलेलं असतं. त्याच निकेलचं मुख्य ऑजे शिखर ६४० जवळ, मँगनीजच्या शिखरावर बसतं; म्हणून आमच्या आलेखातून मँगनीज किती हे मी सांगतच नाही.

शुद्ध निकेलचा एक पत्रा मोजून घेतला, ₹२,३६०. त्याच्या निकेल २पी शिखराच्या प्रमाणात त्याचा ऑजे भाग आपल्या लोहाच्या पट्ट्यातून वजा केला. ऑक्साइडमधलं लोह दहा टक्क्यांनी उतरलं, नायट्रिकचं गुणोत्तर १.२७ झालं. खांदाही गेला. मॅग्नेशियमचा स्रोत असता तर ऑजे शिखरं तिथून सरकली असती, पण आमच्या केंद्रात तो नाही.

याच पद्धतीने बाकीचे: फक्त घासलेला तुकडा ०.४९. सायट्रिक ०.७१.

सायट्रिक ०.७१. परत आलेल्या चारही डिस्क सायट्रिकच्या होत्या.

१६ ऑगस्ट: टाकी

सायट्रिकवर राग काढण्याआधी टाकी बघायची होती. दोनशे लिटरची, हीटर डाव्या टोकाला, थर्मामीटरही डाव्या टोकालाच. काटा ५५ वर. बास्केट मात्र उजवीकडे उतरते, कारण हॉइस्ट तिथे आहे.

टाकीवर पंधरा वर्षं काम करणारे मामा शेजारी उभे होते. मी डिजिटल थर्मामीटर बांधून बास्केटच्या जागी सोडला. त्यांनी आकडा बघायच्या आधीच सांगितलं, "ताई, त्या टोकाला कोमटच असतं. थंडीत तर विचारूच नका." आकडा आला ४१.

ए९६७ मध्ये ४९ ते ६० अंशांना किमान १० मिनिटं. २१ ते ४९ अंशांना किमान २० मिनिटं. आम्ही ४१ अंशांना १० मिनिटं देत होतो. ना या कलमात, ना त्या. आणि प्रत्येक सर्टिफिकेटवर ५५ अंश लिहिलंय, माझ्या सहीने.

मामांना मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, "विचारलंच कोणी नाही." खरं आहे. मी दोन वर्षं त्या टाकीचा काटा वहीत उतरवून घेतेय, पण ज्यांचे हात तिथे असतात त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी चहा घेता घेता तासभर त्यांच्याशी बोलले. त्यातून आणखी दोन गोष्टी कळल्या. दुपारच्या पाळीत बास्केट ठासून भरतात, त्यामुळे डिस्क एकमेकींना टेकतात आणि टेकलेल्या जागी अॅसिड पोहोचत नाही. आणि परत आलेल्या डिस्कची झाक जिथे होती, तो काठ नेमका टेकणारा काठ आहे.

फिरता पंप आणि बास्केटलाच बांधलेला थर्मामीटर: ₹६,८०० मध्ये दोन्ही. डिस्कमध्ये अंतर ठेवायला पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) फासळ्या घालणार होते. सरांना विचारलं, ते म्हणाले घासून फ्लोरिन राहिलं तर ६८९ ला लगेच दिसेल, हवं तर तपासा. म्हणून फासळ्या ३१६एलच्या पट्टीच्याच केल्या.

२९ ऑगस्ट

चार तुकडे, ₹९,४४०. पंप चालू, बास्केटपाशी ५४ अंश. दोन तुकडे १० मिनिटांचे, दोन २० मिनिटांचे. सगळे तारेने बास्केटच्या मधोमध, डिस्कच्या सोबत लटकवलेले.

ऑक्साइडमधलं गुणोत्तर, निकेल वजा करून: १० मिनिटांच्या एका तुकड्यावर तीन जागी १.१९, १.२४, १.३३. दुसऱ्यावर १.२२. वीस मिनिटांचे १.३१ आणि १.२८. प्रत्येक मोजणी ०.३ गुणिले ०.७ मिलिमीटरच्या पट्ट्यातली. एकाच तुकड्यावर जागा बदलली की ०.१४ चा फरक पडतो, म्हणून १० आणि २० मिनिटांत खरा फरक आहे असं मी म्हणणार नाही. ०.७१ आणि १.२ मध्ये मात्र आहे.

तुकडा वेगवेगळ्या कोनांत तिरपा धरून (कलती मोजणी) थराची जाडी काढायचाही विचार होता. सरांनी तुकडा प्रकाशात तिरपा धरून दाखवला: पॉलिश पेपरच्या रेघा समांतर चमकत होत्या. एवढ्या खडबडीत पृष्ठभागावर कोन बदलला की रेघांच्या सावल्याच मोजल्या जातात. सोडून दिलं. जाडी हवी असेल तर इलेक्ट्रोपॉलिश केलेला तुकडा घ्यायला हवा.

६ सप्टेंबर

ग्राहकाचं उत्तर आलं: ऑक्साइडमधलं गुणोत्तर द्या, एकूणही लिहा. उद्या गणपती बसतात, म्हणून रिपोर्ट आजच पाठवला. त्यात दोन्ही आकडे, कार्बन किती होता, निकेल कसं वजा केलं, तीन जागांमधला फरक, सगळं लिहिलं. सोबत वेगळं पत्र: मागच्या लॉटला बास्केटपाशी प्रत्यक्षात ४१ अंश होते, सर्टिफिकेटवरचा आकडा टाकीच्या दुसऱ्या टोकाचा होता, त्या लॉटच्या सगळ्या डिस्क परत मागवून पुन्हा पॅसिव्हेट करून देतो. मालकांना हे पत्र पटवायला दोन दिवस लागले. पटलं ते आलेख शेजारी शेजारी ठेवल्यावर: ०.७१ च्या तुकड्यावर धातुरूप लोहाचं शिखर सुळक्यासारखं उभं, नव्यावर निम्म्याहून कमी.

हिशेब: २३ नमुने, ₹५४,२८०. त्यातले खरे कामाला आले ते तांब्याचे चार, २९ जुलैच्या सहांपैकी पाच, निकेलचा एक आणि शेवटचे चार. बाकी नऊ चुकांत गेले. पंप-थर्मामीटर ₹६,८०० वेगळे. वेळ जवळजवळ तीन महिने, त्यातले निदान पाच आठवडे तारखांची वाट बघण्यात.

१९ सप्टेंबर

परत मागवलेल्या डिस्कपैकी ६२ आल्या. आजपासून प्रत्येक बास्केटमध्ये एक साक्षीदार तुकडा तारेने लटकतो, १० गुणिले १०, त्याच हीटच्या पट्टीचा. लॉट निघाला की तो पेट्री डिशमध्ये जातो. डिशवर मामांच्या अक्षरात लॉट नंबर, बास्केटपाशी मोजलेलं तापमान आणि वेळ. दर लॉटचा तुकडा मोजायला पाठवणं परवडणार नाही. महिन्याला दोन पाठवू, बाकीचे कपाटात राहतील. तक्रार आली तर तो लॉट शोधून काढता येईल. कपाटात ठेवलेल्यांवर कार्बन हळूहळू चढत राहील, म्हणून डिशवर बंद केल्याची तारीखही टाकतो.

पुढची तारीख ३ ऑक्टोबर. दोन तुकडे.